टेकडीवरचे विद्यापीठ, पायथ्याचे हार्लेम

आमची भाची न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एम. ए. करते असे सांगितले की वस्तीतल्या कोणाचाही चेहरा उजळतो. परमपूज्य बाबासाहेबांचे ते विद्यापीठ! पुढचा प्रश्न विषयाचा येतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून जगभर नेलेल्या लोकांचा इतिहास आणि संस्कृती, असे उत्तर दिले की विचारणारा जरा थबकतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "त्याने नोकरी लागते का हो?" शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर मुलगी एवढ्या लांब गेली, ती कॉम्प्युटर सोडून हे शिकायला, असा त्यामागचा भाव असतो. प्रश्न चुकीचा नाही. ज्या घरात पहिला पगार आणणारी पिढी अजून हयात आहे, त्या घराने हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मागच्या ऑक्टोबरात पतपेढीचे कर्ज काढून आणि साठवलेली रजा घेऊन आम्ही उभयता तिच्याकडे बारा दिवस राहून आलो. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बोटीतून लांबूनच पाहिला. बाकीचे दिवस भाचीच्या मागे मागे, तिच्या अभ्यासाच्या जागा पाहत फिरलो. जे पाहिले ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवतो.

वह्यांत लिहिलेले, ओठांवर राहिलेले

या विषयाला तिकडे 'आफ्रिकन डायस्पोरा स्टडीज' म्हणतात. डायस्पोरा म्हणजे मूळ भूमी सुटून दूरदूर विखुरलेला समाज. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकन माणसे जहाजांत कोंबून अटलांटिक महासागरापलीकडे पाठवण्यात आली. त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. उरलेली सुमारे १८ लाख वाटेतच मेली. गुलामगिरी म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. पण आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरवलेली माणसे ४ लाखांच्या आत होती, तर एकट्या ब्राझीलमध्ये सुमारे ४८ लाख. म्हणून या अभ्यासात ब्राझील, क्यूबा, हैती, जमैका, त्रिनिदाद असे सगळे देश येतात. ब्राझीलने तर २००३ साली कायदा करून आफ्रिकन आणि आफ्रो-ब्राझिलियन इतिहास शाळांमध्ये सक्तीचा केला.

हे आकडे कुठून आले, असे आम्ही विचारले. आमचा जन्म आवक-जावक नोंदवह्या लिहिण्यात गेला, म्हणून उत्तर लगेच पटले. जहाजांच्या कप्तानांनी, विमा उतरवणाऱ्यांनी, बंदरावरच्या जकात कारकुनांनी वह्या लिहून ठेवल्या होत्या. इतिहासकारांनी सुमारे ३६ हजार सफरींच्या नोंदी जुळवल्या आणि आज त्या इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. मात्र त्या वह्या लिहिणाऱ्यांच्या लेखी माणूस म्हणजे माल. संख्या आहे, बाई की पुरुष ते आहे, बऱ्याच ठिकाणी नावच नाही. तेव्हा मालकाने लिहिलेली वही नीट वाचणे हा या अभ्यासाचा एक भाग, आणि मालकाने जे लिहिलेच नाही ते शोधून काढणे हा दुसरा भाग.

दुसऱ्या भागाची दोन उदाहरणे भाचीने सांगितली, तेव्हा आमच्या मंडळींनी हातातली भाजी बाजूला ठेवली.

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी संपली. त्यानंतर मुक्त झालेल्या लोकांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. माझी मुले अमक्या मालकाने तमक्या गावच्या व्यापाऱ्याला विकली, त्यांची नावे ही, कोणाला ठावठिकाणा माहीत असल्यास कळवावे. कित्येक वर्षे, विसावे शतक उजाडेपर्यंत अशा जाहिराती येत राहिल्या. ज्या लोकांना लिहायला-वाचायला शिकू दिले नव्हते, त्यांनी दुसऱ्याकडून लिहवून घेऊन आपल्या घराचा इतिहास छापला. आज विद्यार्थी त्या जाहिराती एकेक करून जमवतात आणि वाचतात.

दुसरे उदाहरण गाण्याचे. लोरेन्झो डाऊ टर्नर हे कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर फिरले. तिथे अमेलिया डॉली नावाच्या बाईने त्यांना पाच ओळींचे एक गाणे म्हणून दाखवले. आईकडून आलेले ते गाणे होते, पण त्याचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. पुढे कळले की ते पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनच्या मेंडे भाषेतले आहे. १९९० साली संशोधक त्या देशात गावोगाव हिंडले आणि सेनेहुन न्गोला या खेड्यात जवळजवळ तेच गाणे म्हणणारी एक बाई सापडली. मयताच्या विधीत बाया म्हणत ते हे गाणे. १९९७ साली अमेलियाची लेक मेरी मोरान त्या खेड्यात गेली आणि दोन खंडांतल्या लेकींनी एकच गाणे म्हटले. समुद्र, विक्री, चाबूक यांतून ते गाणे वाचले, ते आईने लेकीला शिकवले म्हणून. कोणत्याही मालकाच्या वहीत ते नव्हते.

आता नोकरीचे. या पदवीवर लोक शाळा-कॉलेजात शिकवतात, संग्रहालयांत, ग्रंथालयांत, वृत्तपत्रांत काम करतात, काहीजण पुढे कायदा शिकून वकिली करतात. इंजिनिअरसारखा पगार नाही, हे भाचीनेच स्पष्ट सांगितले. पण उपाशी ठेवणारा हा विषय नाही. आणि या विषयाची पदवी मिळणेच मुळात किती कठीण होते, हे आम्हाला कोलंबियाच्या टेकडीवरून खाली उतरताना समजले.

टेकडीवर

कोलंबिया विद्यापीठ मॅनहॅटन बेटाच्या वरच्या भागात, मॉर्निंगसाइड हाइट्स नावाच्या उंचवट्यावर आहे. ११६ व्या रस्त्याच्या स्टेशनातून बाहेर आलो की समोरच फाटक. आत मोठमोठे खांब असलेली लो लायब्ररीची इमारत आणि तिच्या रुंद पायऱ्या. बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली इथे आले आणि १९१६ पर्यंत राहिले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला तो इथेच. लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे, १९९५ साली बसवलेला. भाचीने आमच्या प्रवेशाची परवानगी आधीच काढून ठेवली होती. आजूबाजूला मुले मान खाली घालून अभ्यास करत होती. आम्हीही आवाज न करता हात जोडले आणि बाहेर आलो.

ब्रॉडवे रस्ता ओलांडला की बर्नार्ड कॉलेज. झोरा नील हर्स्टन ही लेखिका १९२८ साली तिथून पदवीधर झाली. बर्नार्डची ती पहिली कृष्णवर्णीय पदवीधर. मोठमोठ्या प्राध्यापकांकडे मानववंशशास्त्र शिकली आणि मग आपल्याच लोकांच्या गोष्टी, गाणी, म्हणी गोळा करत दक्षिणेत हिंडली, पुढे जमैका आणि हैतीलाही गेली. १९२७ साली ती अलाबामा राज्यात कुजो लुईस या वृद्धाला भेटली. १८६० साली 'क्लोटिल्डा' या जहाजातून चोरून आणलेल्या माणसांपैकी तो एक होता. त्याचे बोलणे तिने त्याच्याच बोलीत लिहून घेतले. प्रकाशकांना ती बोली नको होती. हर्स्टनने ती बदलली नाही. तिच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनी, २०१८ साली ते पुस्तक निघाले आणि २०१९ साली त्या जहाजाचे अवशेष नदीच्या गाळात ओळखले गेले. आज तिचे पुस्तक विद्यापीठांतून शिकवले जाते.

तळे झालेला खड्डा

विद्यापीठाच्या पूर्वेला टेकडी एकदम तुटते आणि खाली मॉर्निंगसाइड पार्क लागते. वर विद्यापीठ, खाली हार्लेम. मधे दगडी पायऱ्या. पार्कात एक सुंदर तळे आहे, कड्यावरून त्यात पाणी पडते, बदके पोहतात. आम्ही बाकावर बसून डब्यातली पोळी-भाजी खाल्ली, तेव्हा भाची म्हणाली, "मामा, हा व्यायामशाळेचा खड्डा आहे."

हकिकत अशी. १९६८ साली विद्यापीठाने या सार्वजनिक उद्यानात व्यायामशाळा बांधायला घेतली. विद्यार्थ्यांचा दरवाजा वर, टेकडीच्या बाजूला. हार्लेमच्या लोकांना थोडा भाग वापरता येणार होता, पण त्यांचा दरवाजा खाली, मागच्या बाजूला. वरचा दरवाजा आणि खालचा दरवाजा याचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉल ही इमारत ताब्यात घेतली आणि हार्लेमच्या बायांनी त्यांना अन्न पोचवले. पोलीस आले, शेकडो विद्यार्थी पकडले गेले. पण व्यायामशाळा झाली नाही. खोदलेल्या खड्ड्याचे पुढे तळे झाले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पलीकडच्या किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात विद्यार्थ्यांचा संप सुरू झाला. आमचा इतिहास शिकवा, आमच्या मुलांना प्रवेश द्या, आमचे शिक्षक नेमा, या मागण्या. संप मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्यातून कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा विभाग मान्य झाला. मग देशभर असे विभाग निघाले. १९८८ साली फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाने या विषयात पहिल्यांदा पीएच. डी. सुरू केली. कोलंबियात मात्र १९९३ साली प्राध्यापक मॅनिंग मॅरेबल यांनी संशोधन संस्था उभारली आणि स्वतंत्र विभागाला मान्यता मिळाली २०१८ साली. खड्ड्यापासून विभागापर्यंत पन्नास वर्षे लागली! भाची त्याच विभागात शिकते.

हार्लेममध्ये

पायऱ्या उतरून चालू लागलो की रस्त्यांच्या पाट्याच इतिहास शिकवतात. फ्रेडरिक डग्लस बुलेवार्ड, मार्टिन ल्यूथर किंग मार्ग, माल्कम एक्स बुलेवार्ड. १२२ व्या रस्त्याजवळ हॅरिएट टबमन यांचा पुतळा आहे, २००८ साली बसवलेला. स्वतः गुलामीतून पळालेली आणि पुन्हा पुन्हा परत जाऊन आपल्या माणसांना सोडवून आणणारी ही माउली. पुतळ्याच्या मागे झाडाची मुळे उपटून आल्यासारखी दाखवली आहेत. तिचे निधन मार्च १९१३ मध्ये झाले. बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले त्याच वर्षीच्या जुलैत.

१३५ व्या रस्त्यावर आम्हाला जायचे होते. तिथे शोम्बर्ग सेंटर आहे. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचीच ही शाखा, त्यामुळे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दारात कोणी 'तुम्ही कोण' म्हणून विचारले नाही. आत वर्तुळाकार नक्षीची फरशी आहे आणि तिच्याखाली कवी लँगस्टन ह्यूज यांच्या अस्थी ठेवल्या आहेत. हे कवी १९२१ साली कोलंबियात शिकायला आले होते, वर्षभरात सोडून गेले. विद्यापीठाने त्यांना धरून ठेवले नाही, ग्रंथालयाने ठेवले.

ज्यांचे नाव या वास्तूला आहे ते आर्टुरो शोम्बर्ग आमच्यासारखेच कारकून, म्हणून त्यांच्याबद्दल जरा जास्त लिहितो. जन्म १८७४, पोर्तो रिको बेटावर. शाळेत असताना शिक्षकांनी सांगितले की काळ्या लोकांना इतिहास नाही, थोर पुरुष नाहीत. मुलाने ते मनात ठेवले. १८९१ साली न्यूयॉर्कला आले आणि पुढे बँकर्स ट्रस्ट कंपनीत टपाल विभागात वीसहून अधिक वर्षे नोकरी केली. दिवसा टपाल लावायचे आणि उरलेल्या वेळात, पगारातून, जुनी पुस्तके आणि कागद शोधायचे. फिलिस व्हीटली ही गुलाम मुलगी, तिचा कवितासंग्रह १७७३ साली निघाला होता. जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'च्या बरोबर शंभर वर्षे आधी! जोतीरावांनी ते पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले, हे आपण जाणतोच. त्या फिलिसच्या पुस्तकाच्या प्रती, हैतीचा मुक्तिनायक तूसाँ लुव्हेर्त्यूर यांचे कागद, बेंजामिन बॅनेकर यांनी गणित करून काढलेली पंचांगे, असे एकेक करत त्यांचे ब्रुकलिनचे घर भरले. १९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनने तो संग्रह १० हजार डॉलरना घेऊन या ग्रंथालयाला दिला. पाच हजारांवर पुस्तके आणि हजारो हस्तलिखिते, पत्रके, चित्रे. १९३२ पासून १९३८ साली मृत्यू होईपर्यंत तेच त्या संग्रहाचे अभिरक्षक होते. आज तिथे १ कोटी १० लाखांहून अधिक वस्तू आहेत.

लक्षात घ्या, तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांना हा विषय माहीतच नव्हता. कार्टर वुडसन, कोळशाच्या खाणीत काम करून शिकलेले, १९१२ साली हार्वर्डचे डॉक्टर झाले आणि त्यांनी १९१५ साली स्वतःच इतिहास संस्था काढली, १९२६ साली फेब्रुवारीत इतिहास सप्ताह सुरू केला. कारकुनाने कागद जमवले, खाणकामगाराने सप्ताह भरवला. विभाग निघाले ते पुढे चाळीस वर्षांनी, आणि तेव्हा शिकवायला साहित्य तयार होते.

याच शोम्बर्ग सेंटरने २०१३ साली भारतातील आफ्रिकन लोकांवर प्रदर्शन भरवले होते. त्यात मलिक अंबर होता. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला, दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा वजीर झालेला. १६१० साली त्याने खडकी शहर वसवले, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. जंजिऱ्याचे सिद्दीही त्यात होते. मिलिंद महाविद्यालयात शिकलेल्या आमच्या मंडळींनी तिथल्या नहरींच्या पाण्याचे वर्णन भाचीला ऐकवले. हार्लेममध्ये उभे राहून मराठवाड्याची आठवण निघेल असे आम्हाला वाटले नव्हते. आफ्रिकेचा डायस्पोरा आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

ॲम्हर्स्टचे पत्र

शेवटच्या आठवड्यात बसने मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲम्हर्स्ट या गावी गेलो. चार-पाच तासांचा रस्ता. ऑक्टोबरात मॅपलची झाडे लाल-पिवळी होतात, डोंगर पेटल्यासारखे दिसतात. गाव लहान, पण विद्यापीठाचे ग्रंथालय पंचवीसहून अधिक मजल्यांचे, लांबून दिसणारे. त्याला १९९४ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचे नाव दिले. १८६८ साली याच राज्यात जन्मलेले, हार्वर्डचे पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर, थोर विद्वान आणि लढवय्ये. इथल्या विभागालाही त्यांचेच नाव आहे. विभाग १९७० चा, इमारतीचे नाव 'न्यू आफ्रिका हाऊस'. पीएच. डी. करणाऱ्यांना पहिल्या वर्षी सुमारे पन्नास ग्रंथ वाचून त्यांवर चर्चा करावी लागते. बाबासाहेबांच्या वाचनाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना हे जड जाऊ नये.

डू बॉइस यांची लाखभर पत्रे इथे आहेत. त्यांत १९४६ सालचे एक छोटे पत्र बाबासाहेबांचे आहे. आपली प्रत्यक्ष भेट नाही, पण तुमचे लेखन मी वाचत आलो आहे, असे ते लिहितात. अमेरिकेतील निग्रो आणि भारतातील अस्पृश्य यांच्या स्थितीत एवढे साम्य आहे की त्यांच्या प्रश्नाचा अभ्यास आपल्याला आवश्यकच आहे, असेही त्यात म्हटले आहे. संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंच्या वतीने जे निवेदन गेले, त्याच्या दोन-तीन प्रती मिळाल्यास उपकार होतील, कारण अस्पृश्यही तसे करण्याच्या विचारात आहेत. डू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर पाठवले. प्रत पाठवतो, तुमचे नाव आणि कार्य मला परिचित आहे, अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, असा त्याचा आशय. या उत्तराची नक्कलही तिथे जपलेली आहे. विद्यापीठाने दोन्ही पत्रे इंटरनेटवर खुली ठेवली आहेत, घरबसल्या पाहता येतात.

हे कागद सहज राहिलेले नाहीत. सरकारची डू बॉइस यांच्यावर नजर होती. १९५१ साली खटला भरला, त्यात ते निर्दोष सुटले, तरी १९५८ पर्यंत पासपोर्ट अडवून ठेवला. १९६१ साली ते घानाला गेले तेव्हा कागद हर्बर्ट ॲप्थेकर या इतिहासकार मित्राच्या स्वाधीन केले. त्यांनी ते आपल्या घराच्या तळघरात वर्षानुवर्षे सांभाळले. १९६३ साली डू बॉइस वारले आणि १९७३ साली या विद्यापीठाने कागद घेतले. मधल्या काळात एकदा तळघरात पाणी शिरले असते किंवा कोणी अडगळ म्हणून काढले असते, तर बाबासाहेबांचे ते पत्र आज आपल्याला दिसले नसते.

आणि लढा संपलेला नाही. २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडा राज्याने हायस्कूलमधील आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा नवा अभ्यासक्रम नाकारला. पुस्तक काढून टाकता येते, अभ्यासक्रम रद्द करता येतो. पण मूळ कागद जपलेले असले तर पुन्हा शिकवायला सुरुवात करता येते.

परत आल्यावर आम्ही विहारातील चार तरुणांना घेऊन एक छोटे काम सुरू केले आहे. दर रविवारी एका घरी जायचे. ट्रंकेतले, माळ्यावरचे कागद पाहायचे. १९५६ च्या दीक्षेचे फोटो, सभांची पत्रके, वर्गणीच्या पावत्या, मंडळाच्या इतिवृत्ताच्या वह्या, नामांतराच्या लढ्यात तुरुंगातून आलेली पत्रे. कागद घरच्यांकडेच राहतो, आम्ही मोबाइलवर त्याचा फोटो घेतो आणि एका वहीत नोंद करतो. आजीला जात्यावरची गाणी म्हणायला सांगतो आणि ध्वनिमुद्रण करतो. गेल्या वर्षी आमच्याच भागात एका जुन्या कार्यकर्त्याची ट्रंक त्यांच्यामागे रद्दीत गेली. किलोच्या भावाने. तसे पुन्हा होऊ नये.

वाचक भगिनींना आणि बांधवांना एकच विनंती. या रविवारी घरातला एक जुना फोटो काढा. त्यातल्या माणसांची नावे माहीत असलेले कोणी घरात असेल, तर त्यांना विचारा. शाई फोटोला खराब करते, म्हणून मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा : नाव, गाव, साल.

जयभीम.